प्लेनस्केपचा तीन पुस्तकांचा बॉक्स: कॅरेक्टर मेल्यावर जातं कुठे, हे ज्यांना टेबलावर दाखवायचंय त्यांच्यासाठी

आधी हा बॉक्स का घेतला ते सांगते, कारण त्याशिवाय माझं मत नीट कळणार नाही. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन फाशांच्या मदतीने मिळून गोष्ट घडवायचा खेळ. आमच्या ग्रुपमधे मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, पाच प्लेयर्स, महिन्यातून दोन रविवार, सेशन सगळं मराठीत, फक्त स्पेल्सची, म्हणजे जादूंची, नावं इंग्रजी. मागच्या कॅम्पेनमधे, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या एका लांब गोष्टीत, आमचा फायटर, लढवय्या कॅरेक्टर, मेला. दोन मिनिटं सगळे गप्प, मग क्लेरिक, म्हणजे देवाच्या ताकदीने जादू करणारं कॅरेक्टर, खेळणारी म्हणाली माझ्याकडे हिरा आहे. रेझ डेड हा मेलेल्याला उठवायचा स्पेल, त्याला ५०० गोल्डचा हिरा, मरून दहा दिवसांच्या आत, झालं काम. उठल्यावर फाशांच्या रोल्सना उणे ४, आणि ते पण चार लाँग रेस्टमधे, म्हणजे कॅरेक्टरच्या चार मोठ्या विश्रांतींत, संपतं. मग तो फायटरवाला मला सहज विचारतो, "अगं पण मी इतके दिवस होतो कुठे?" आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. काहीतरी धुकं, पांढरा उजेड वगैरे बोलून वेळ मारून नेली, पण मला ते खूप लागलं. त्या माणसाने वर्षभर जीव लावून ते कॅरेक्टर खेळलं होतं.

तर 'प्लेनस्केप: अ‍ॅडव्हेंचर्स इन द मल्टिव्हर्स', या खेळाच्या कंपनीने, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, ऑक्टोबर २०२३ मधे काढलेला बॉक्स, छापील किंमत ८४.९९ डॉलर. माझा बहिणीच्या बॅगेतून आला. आत तीन हार्डकव्हर: सिगिल शहर आणि आउटलँड्सचं ९६ पानांचं पुस्तक, मॉन्स्टर्सचं ६४ पानांचं, आणि अ‍ॅडव्हेंचरचं, म्हणजे टेबलावर खेळायच्या तयार गोष्टीचं, परत ९६ पानांचं. शिवाय डीएम स्क्रीन, म्हणजे डीएमने समोर उभा करायचा आडोसा, आणि दोन्ही बाजूंनी छापलेला मोठा नकाशा. मूळ सेटिंग, म्हणजे हे काल्पनिक जग, १९९४ चं, या खेळाच्या तेव्हाच्या कंपनीचं, टीएसआरचं, डेव्हिड 'झेब' कुक यांनी लिहिलेलं, त्यातली टोनी डिटर्लिझीची चित्रं ज्यांनी पाहिलीत त्यांना नवीन चित्रं जरा जास्तच स्वच्छ वाटतील, मला वाटली.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे स्वर्ग-नरक असे दोनच कप्पे नाहीत. एका चाकासारखी १६ जगं, तुम्ही जसे वागलात तसं तुमचं जग. कायद्याने चालणारा चांगला माणूस माउंट सेलेस्टियाला, सात थरांचा डोंगर आहे तो, कायद्यात राहून दुष्टपणा केलेला नाईन हेल्समधे, तिथे तो लेम्युर नावाचा गोळा होतो आणि तिथून बढती मिळवत वर चढायचं. मधोमध आउटलँड्स, त्याच्या मधे एक अवाढव्य सुळका, आणि सुळक्याच्या वर सिगिल, दारांचं शहर.

या बॉक्समधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गेट-टाउन्स. आउटलँड्सच्या कडेने १६ गावं, प्रत्येक गावात एकेका जगाचं दार. रिबकेजमधून नाईन हेल्सला, होपलेसमधून हेडीसला, एक्सेलसियरमधून सेलेस्टियाला. आणि गावातली माणसं हळूहळू पलीकडच्या जगासारखी व्हायला लागली, फारच झाली, तर अख्खं गाव त्या जगात सरकून जातं! म्हणजे बघा, मेल्यानंतरचं जग हे शेवटी मिळणारं बक्षीस किंवा शिक्षा नाही राहत, ते जिवंत माणसांच्या दारात येऊन बसतं, आणि आज बाजारात कोण कोणाशी कसं वागलं यावर उद्या गाव जागेवर असेल का ते ठरतं. स्वतःचं जग बनवणाऱ्या डीएमने यातून एकच गोष्ट उचलली तरी पुरे, परलोकाची हद्द हलती ठेवायची. मी माझ्या प्लेयर्सना एका अशाच सरकत चाललेल्या गावात तीन सेशन्स ठेवलं, आणि पहिल्यांदाच लूटमार सोडून ती पोरं गावातल्या भांडणांमधे मध्यस्थी करत फिरत होती.

दुसरं म्हणजे सिगिलमधले पंथ. बारा मोठे आहेत. मला धरून ठेवलं ते हेरल्ड्स ऑफ डस्टने, जुन्या पुस्तकांत यांनाच डस्टमेन म्हणायचे. यांचं म्हणणं, आपण सगळे आधीच मेलेलो आहोत, हे जे चाललंय तोच परलोक, आणि सगळ्या वासना गळून पडल्या की खरं मरण येणार. शहरातली प्रेतं सांभाळायचं काम यांच्याकडे. दुसरीकडे अथार म्हणतात देव हे देवच नाहीत, नुसते ताकदवान. म्हणजे ज्या शहरातून दार उघडून सरळ स्वर्गात चालत जाता येतं तिथेसुद्धा मरण म्हणजे काय यावर एकमत नाही, हे मला फार खरं वाटलं. नाहीतर बऱ्याच फँटसी जगांत परलोक आहे हे सिद्ध झालं की विषयच संपतो, भीती पण नाही आणि श्रद्धा पण नाही.

अ‍ॅडव्हेंचरबद्दल जास्त सांगत नाही, स्पॉइलर होईल. सुरुवात प्रेतघरात होते, कॅरेक्टर्सना काही आठवत नसतं (१९९९ चा प्लेनस्केप टॉर्मेंट गेम खेळलेल्यांना लगेच ओळख पटेल), आणि मेलं की त्याच कॅरेक्टरचं दुसऱ्या जगातलं रूप येऊन उभं राहतं. कल्पना झकास आहे पण माझ्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही, उलट मरण हलकं करते. लेव्हल ३ ते १० आणि मग एकदम १७, त्या उडीला आमच्यातले दोघं जाम गोंधळले.

आणि खरी कमतरता इथेच. दारं सोळाच्या सोळा आहेत पण दारापलीकडे फार काही मिळत नाही, पुस्तकाचा भर सिगिल आणि आउटलँड्सवर, त्यामुळे मेलेला माणूस तिकडे दिवसभर करतो काय, त्याला भेटायला गेलो तर काय होतं, ते तुम्हालाच रचावं लागतं. मी १९९४ च्या सेटिंगमधून पिटिशनर घेतले, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे, ज्यांना आधीचा जन्म आठवत नाही. आणि रेझ डेडमधलं एक वाक्य घेतलं जे आम्ही कायम गाळून पुढे जायचो: आत्म्याची यायची इच्छा पाहिजे.

तेव्हा मला आजोबांचा दहावा आठवला. घाटावर सगळे पिंडाकडे बघत उभे, कावळा काही शिवेना, मग मोठे काका पुढे होऊन हात जोडून म्हणाले, आत्याची काळजी करू नका, तिचं आम्ही बघू. आमची पॅलाडिन, शपथेला बांधलेली योद्धा, मेली तेव्हा मी हेच केलं, उलट्या बाजूने. पार्टी, म्हणजे बाकीची कॅरेक्टर्स, तिचं शरीर जेंटल रिपोज या प्रेत टिकवायच्या स्पेलने टिकवत एक्सेलसियरपर्यंत आली, तिथून सेलेस्टियाच्या पहिल्या थरात, लुनियात, रात्रीचा समुद्र आणि वर तारे. ती भेटली, पण ओळखेना. नियम सांगितला: प्रत्येकाने तिचं राहिलेलं एक काम सांगायचं, यायचं की नाही ते तिची प्लेयर ठरवणार, फासे नाहीत.

तिघांनी मोठमोठी कामं सांगितली, ड्रॅगन, शपथ, राजाचा सूड. ती शांतपणे नाही म्हणत गेली, आणि मला वाटलं गेलं हे कॅरेक्टर. चौथ्याने, रेंजरने, नुसतं एवढंच सांगितलं की सरायवाल्याच्या पोराला तू तलवार शिकवत होतीस. ती म्हणाली, "मग आता कोण शिकवतंय?" कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्या पोराला सहा महिने विसरून गेलो होतो, मी सुद्धा. तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, चला. हिरा तेवढाच लागला, उणे ४ पण तेवढंच, पण त्या रात्री साडेबाराला गेम संपल्यावर कोणी उठून घरी जाईना.

तर घ्यायचा का? स्वतःचा परलोक रचणाऱ्याने घ्यावा, सिगिलचं पुस्तक आधी आणि सावकाश वाचावं, गेट-टाउन्सचा भाग दोनदा. तयार सगळं पानावर पाहिजे असणाऱ्याला पैसे जास्त वाटतील. मॉन्स्टर्सचं पुस्तक ठीक, मी फार उघडलं नाही. स्क्रीन सोळा सेशन्स वापरून अजून धड आहे, नकाशा मात्र घडीवर विरायला लागला, त्याला मी मागून कापडी टेप लावली.