'एअर फिल्टर बदलला' म्हणे!

सर्व्हिसिंगच्या बिलातली 'एअर फिल्टर – 1 नग' ही ओळ बहुतेक जण नुसती वाचून सोडून देतात. ब्रेक पॅड झिजले तर आवाज येतो, ऑइल बदललंय की नाही ते डिपस्टिक ओढून बघता येतं. इंजिनात जाणारी हवा गाळणारा हा फिल्टर मात्र बॉनेटखालच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बंद. तो डबा गिऱ्हाईक उघडत नाही, हे आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

मी मोशीला राहतो, नोकरी चाकण एमआयडीसीत. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याची धूळ ज्याने खाल्लीय त्याला वेगळं सांगायला नको. एरवी फिल्टर मी घरीच बदलतो. यंदा दिवाळीला गावी जायचं होतं आणि कंपनीत ओव्हरटाइम चालू होता, म्हणून गाडी पूर्ण सर्व्हिसिंगला टाकली. दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो आला: काळाकुट्ट, पानं-किडे अडकलेला फिल्टर. पाठोपाठ फोन. "सर, फिल्टर पूर्ण चोक झालाय. मायलेज त्यामुळेच पडलंय. टाकून घेऊ ना नवा?"

मायलेजचं हे पालुपद तुम्हालाही ऐकवतील. कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) जमान्यात त्यात तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत आत येणारी हवा सेन्सर मोजतो आणि तेवढ्याच बेताने पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर तुंबला तर गाडी घाटात ओढत नाही, पिकअप मरतो. मायलेजला फारसा धक्का लागत नाही. पण बदलून वर्ष होत आलं होतं, म्हणून मी हो म्हटलं. बिल आलं: फिल्टर 540 रुपये, वर 'फिल्टर फिटिंग' 150.

गावाहून परतल्यावर वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपांवर चिखल वाळून बसलेला. पावसाळ्यातला जुना, क्लिप आणि झाकण दोन्हींवर सलग पसरलेला. क्लिप उघडली असती तर त्या पापुद्र्याला तडा जायलाच हवा होता. मी क्लिपा काढल्या, झाकण उचललं. आत फिल्टरच्या कडेवर पिवळी रेघ.

आमच्याकडे असेंब्ली लाइनवर टॉर्क (म्हणजे आवळण्याचा जोर) तपासलेल्या नटावर पेंट मार्करची रेघ मारतात. तीच सवय घरी. मागच्या वेळी फिल्टर टाकताना मी कडेला रेघ मारून शेजारी किलोमीटर लिहिले होते. तेही जसेच्या तसे. नवा टाकणं राहू दे, धूळ उडवायला त्याला हवासुद्धा मारली नव्हती. मग तो व्हॉट्सअॅपचा फोटो मोठा करून पाहिला. माझ्या गाडीचा फिल्टर सरळ चौकोनी आहे, फोटोतला एका बाजूला निमुळता. गाडीच दुसरी! तोच फोटो किती जणांना गेला असेल कोणास ठाऊक.

गॅरेजवर गेलो. मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, पोरगं नवीन आहे, विसरलं असेल. आत्ता टाकून देतो." आतून खोका आणला, नामांकित कंपनीचं छापील नाव असलेला. मी म्हटलं, तुम्ही टाकू नका, माझ्या हातात द्या.

घरी जुना आणि नवा शेजारी ठेवले तेव्हा दुसरी गंमत कळली. नव्याच्या घड्या विरळ आणि वाकड्या. मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर कागदातून उजेड काही ठिकाणी ठिपक्यांसारखा आरपार. कडेचं रबर कडक, बोटाने दाबलं तर दबेना. फ्रेमवर पार्ट नंबर नाही. खोक्यावर किंमत होती, पण उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा पत्ता, जे पाकीटबंद मालावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ते गायब. सरळसरळ डुप्लिकेट.

फिल्टर न बदलण्यापेक्षा असला टाकणं वाईट. रबर खाचेत घट्ट बसलं नाही की धूळ कागदातून न जाता कडेने घुसते. रस्त्याच्या धुळीत बारीक वाळू असते. ती इंजिनात गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते. पुढे ऑइल जळायला लागतं, आणि तेव्हा 540 रुपये कोणाला आठवतात? शंका असेल तर झाकणाच्या आतून, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या बाजूने, पांढरं फडकं फिरवा. ती बाजू स्वच्छच असायला हवी. तिथे धुळीचा थर दिसला तर फिल्टर गळतोय.

शेवटी अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवरून गाडीचा मॉडेल आणि वर्ष सांगून फिल्टर आणला, जीएसटीच्या बिलासह, चारशेच्या आत. बसवायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. इंजिन थंड असू द्या. क्लिपा काढा (काही गाड्यांत स्क्रू असतात), झाकणाला सेन्सरची वायर असेल तर हिसका देऊ नका. जुना उचलताना कचरा पाइपच्या तोंडात पडू देऊ नका, खालचा डबा ओलसर फडक्याने पुसा. नवा त्याच बाजूने ठेवा, रबर खाचेत सगळीकडे बसलंय का ते बोट फिरवून बघा, मगच क्लिपा लावा. डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा एसीचा फिल्टर वेगळा. बिलात नुसतं 'फिल्टर' लिहिलं असेल तर कोणता, ते विचारा. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 30 ते 40 हजार सांगतात, धुळीच्या रस्त्यावर त्याच्या आधी.

गाडी गॅरेजलाच द्यायची असेल तर जॉब कार्डवर (गाडीची कामं लिहून घेतात त्या कागदावर) 'काढलेले पार्ट परत द्यावेत' असं स्वतः लिहा, आणि गाडी सोडण्याआधी फिल्टरच्या कडेला खूण करा. नेलपॉलिशचा ठिपकासुद्धा चालतो.

बिल, तो फोटो, रेघ मारलेला फिल्टर आणि डुप्लिकेट खोका, सगळ्यांचे फोटो काढून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि मालकांनाही तसं कळवलं. फिल्टरचे 540 परत आले. फिटिंगचे 150 अजून यायचेत; मालक म्हणतात, "साहेब, लेबर तर लागलंच ना!"