रास्पबेरी पाय ४ चा घरगुती गेम कन्सोल: खान्देशच्या उन्हाला आणि लाईटला टिकतो का?

जुन्या टीव्ही गेमची हौस भागवायला रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचा २ जीबीचा (मेमरीचा) बोर्ड पुरतो. कॅसेटवाल्या आठ बिटच्या गेमपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं त्यावर आरामात चालतं, ड्रीमकास्टचे बरेचसे गेमही चालतात. निन्टेन्डो ६४ चं मात्र गेमगणिक वेगळं, आणि प्लेस्टेशन २ ची आशा धरू नका. जास्त जीबीच्या बोर्डासाठी पैसे मोजण्यापेक्षा चांगला अडॅप्टर आणि चांगली केस घ्या. जळगाव-भुसावळकडे हा कन्सोल रडतो तो याच दोन गोष्टींपायी.

चिप ८० अंशांच्या वर गेली की बोर्ड आपला वेग आपणच कमी करतो. मे महिन्यात पारा ४४ वर असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत, प्लास्टिकच्या बंद केसमध्ये, तिथवर पोचायला त्याला फार वेळ लागत नाही. आधी आवाज खरखरतो, मग चित्र अडखळतं. इकडच्या हवेला अ‍ॅल्युमिनियमची बिनपंख्याची केस सगळ्यात चांगली, पण तिचा आतला ठोकळा थर्मल पॅडमधून (उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्टीतून) चिपला नीट टेकायला हवा. पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढा. एका बाजूची राहून गेली तर अख्खी केस असून नसल्यासारखी. अशा केसमध्ये वायफायची रेंज थोडी कमी होते, ते चालवून घ्यावं. पंख्याची केस कापसाच्या हंगामात धूळ आणि तंतू ओढून घेते. आणि बोर्ड कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, हवेबरोबर ओलावाही येतो.

अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा. मोबाईलचा चार्जर आणि बारीक वायर जोडली की चार्जरपाशी ५ व्होल्ट असले तरी लोड आल्यावर बोर्डापर्यंत तेवढे पोचत नाहीत. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसतं. ते दिसलं की सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नका, आधी अडॅप्टर बदला.

लाईट गेल्यावर बोर्डाला काही होत नाही, घाव बसतो तो मेमरी कार्डावर. लिहिणं चालू असतानाच वीज गेली तर फाइल्स खराब होतात आणि कन्सोल पुन्हा सुरूच होत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा; साध्या मोडमध्ये वीज पालटायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात बोर्ड रीस्टार्ट होतो. शिवाय रेट्रोआर्चमध्ये (रेट्रोपाय या कन्सोलच्या सॉफ्टवेअरमधला, गेम चालवणारा प्रोग्राम) गेमचं सेव्ह एरवी गेममधून बाहेर पडतानाच कार्डावर उतरतं. सेटिंग्जमध्ये सेव्हिंगखाली सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल ६० सेकंदांवर ठेवा आणि नंतर मेन मेनूतून कॉन्फिगरेशन आठवणीने सेव्ह करा, नाहीतर रेट्रोपाय बदल विसरतं. कार्ड नीट बसलं, चाललं की त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची नक्कल, कॉम्प्युटरवर काढून ठेवा.

पाय ५ जास्त ताकदीचा आहे, पण जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी पाय ४ च घ्यावा, कारण ३.५ मिमीचा एव्ही जॅक पाय ५ वर नाही. पाय ४ वर हा व्हिडिओ आधी बंद असतो, कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये टीव्ही-आउट चालू करावा लागतो. खरी गडबड केबलची. पिनच्या टोकापासून क्रम असा लागतो: डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड, व्हिडिओ. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तीन रंगांच्या केबलींत शेवटचे दोन उलटे असतात. घेतानाच मल्टिमीटर लावून बघा: तिन्ही लाल-पांढऱ्या-पिवळ्या प्लगांच्या बाहेरच्या कड्या पिनच्या तिसऱ्या पट्टीशी जुळल्या पाहिजेत. एनटीएससी आणि पाल या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती. चित्र काळंपांढरं आलं तर टीव्ही एनटीएससीचा रंग घेत नाही, म्हणून पालवर जा. पण पाल ५० हर्ट्झचं आहे, त्यामुळे ६० हर्ट्झचे गेम किंचित धक्के खातात.

एलईडी टीव्ही असेल तर मायक्रो एचडीएमआयची केबल पॉवरच्या सॉकेटजवळच्या पोर्टात घाला आणि टीव्हीवर गेम मोड लावा. तो नसला तर उडी मारायचं बटण दाबल्यावर गडी उशिरा उडतो आणि दोष उगाच गेमपॅडला लागतो.

सॉफ्टवेअरचं काम सोपं आहे. रास्पबेरी पाय इमेजरने रेट्रोपाय ४.८ कार्डावर लिहा, गेमपॅड जोडा, विचारेल ती बटणं दाबा, सिलेक्ट हॉटकी (दुसऱ्या बटणाबरोबर दाबायचं बटण) ठेवा. मग सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबलं की गेममधून बाहेर पडता येतं. ३२ जीबीचं ए१ (वेगाचा दर्जा, कार्डावर छापलेला असतो) कार्ड पुरे, कारण आठ बिटचा गेम १ एमबीच्याही आत असतो. जागा खातात त्या प्लेस्टेशनच्या सीडी, एकेक ७०० एमबीपर्यंत. त्या पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. गेम आपल्याकडच्या कॅसेट-सीडीवरून उतरवलेले किंवा हौशी मंडळींनी मोफत वाटलेले वापरा.

केबल, अडॅप्टर, गेमपॅड जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हाताळून घ्या; बोर्ड आणि केस अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवा. मेमरी कार्ड मात्र कुठूनही आणलं तरी वापरण्याआधी कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, कारण बनावट कार्ड वर ३२ जीबी लिहून आत ८ च निघतं आणि ते भरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.