ईसीयू ट्यूनिंगच्या नावाखाली साताऱ्यात झालेली फसवणूक

टर्बो पेट्रोल गाडी चढावर अडखळत असेल आणि हा दोष केवळ सॉफ्टवेअरचा आहे असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या हाती किल्ली देण्यापूर्वी ही हकीकत वाचावी. रीमॅपसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या ईसीयू या संगणकातले सॉफ्टवेअर (‘फाईल’) बदलून देण्यासाठी, माझ्याकडून ४२ हजार रुपये घेणाऱ्या गृहस्थांचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे न्यायचे आहे. त्यांनी नेमके काय केले, हे मात्र सविस्तर सांगतो, कारण हीच युक्ती कोणत्याही शहरात, कोणत्याही गाडीवर चालवता येते.

माझी गाडी १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १८० पीएस शक्तीची आणि सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या ऑटोमॅटिकची आहे. कराडकडे जाणाऱ्या महामार्गावर एका वेगाने चालवताना तिच्यात कोणताही दोष जाणवत नसे. यवतेश्वरचा घाट चढताना मात्र ॲक्सिलरेटरचे पॅडल निम्म्याहून अधिक दाबले, की दोन ते तीन हजार आरपीएमच्या दरम्यान पिकअप क्षणभर तुटे, एक हिसका बसे आणि गाडी पुन्हा ओढू लागे. अशा वेळी चेक इंजिनचा पिवळा दिवा कधी कधी लुकलुकत असे. हा दिवा स्थिर पेटला तर बिघाडाची नोंद झाली आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. तो लुकलुकू लागला तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन न जळणे, इतका वाढलेला असतो, की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होण्याचा धोका असतो.

रीमॅप करणारे हे ट्यूनर जिल्ह्याबाहेरून रविवारी येतात आणि महामार्गालगतच्या एका लॉजच्या आवारात गाड्या घेतात. त्यांनी स्कॅनर लावून टॅबवर मला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली म्हणजे पी०३०३ हा कोड, ज्याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर असा होतो. दुसरी म्हणजे इंधनदुरुस्तीचा आकडा, जो बराच अधिक बाजूला गेलेला होता. म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते आहे असे समजून ईसीयू सतत जादा पेट्रोल सोडत होता. त्यावर त्यांचे निदान तयारच होते. ‘सर, हा सगळा इथेनॉलचा प्रताप आहे. तुमचा ईसीयू जुन्या पेट्रोलसाठी लिहिलेला आहे, त्याला वीस टक्क्यांचा हिशेब जमत नाही. कोड नुसता भास आहे. आपण इथेनॉलची फाईल मारू, वर पॉवरही वाढवून देऊ.’

हे बोलणे सरळ खोटे असते, तर कोणाच्याही लक्षात आले असते; पण ते अर्धे खरे होते. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते, आणि एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास साधारण १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. त्यामुळे मिश्र इंधनावर चालणारा ईसीयू थोडे अधिक इंधन सोडतो हे खरेच आहे, परंतु ती दुरुस्ती तो ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे आपण होऊन करतो, आणि ती चारही सिलिंडरना सारखीच लागू होते. पेट्रोल वाईट असते तर एकट्या तिसऱ्या सिलिंडरने काय पाप केले होते, हा प्रश्न त्या टॅबवरच लिहिलेला होता.

नंतर समजलेली गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, की तेथील हवेतला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर जातो. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, शेजारून गेलेले न जळलेले पेट्रोल त्याला कळत नाही. म्हणून तो मिश्रण पातळ आहे असे कळवतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल सोडतो. म्हणजे इथेनॉलचा पुरावा म्हणून मला दाखवलेला आकडा प्रत्यक्षात मिसफायरचाच परिणाम असू शकत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार होता, आणि चोराचे नाव पी०३०३ या कोडने आधीच सांगितलेले होते.

ॲडव्हान्स यूपीआयने आणि उरलेली रक्कम रोख, असा व्यवहार झाला. पक्के बिल ‘ऑफिसमधून मेल होईल’ असे सांगण्यात आले, ते आजतागायत आलेले नाही. तासाभरात काम आटोपले आणि ‘आधी’ व ‘नंतर’ असे दोन वक्र असलेला एक रंगीत आलेख व्हॉट्सॲपवर आला. तो पुढे शांतपणे पाहिला तेव्हा दिसले, की त्यातील रेषा ७,२०० आरपीएमपर्यंत गेली आहे, तर माझ्या गाडीच्या मीटरवर लाल पट्टाच त्याच्या बराच अलीकडे सुरू होतो. शिवाय असा आलेख काढण्यासाठी गाडी डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर चढवावी लागते, आणि माझी गाडी लॉजच्या आवारातील पेव्हर ब्लॉकवरून हललीही नव्हती.

त्यानंतर काही दिवस गाडी खरोखरच तरतरीत वाटली. कारण साधे होते. ईसीयूने शिकून साठवलेली सर्व मूल्ये पुसली गेली होती, आणि पॅडल थोडे दाबले तरी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) अधिक उघडावा असा बदल केला होता. त्यामुळे पायाला जोर वाढल्याचा भास होतो, इंजिनाची कमाल ताकद मात्र तेवढीच राहते. मग यवतेश्वरच्या चढावर तोच हिसका परत आला आणि पूर्वीपेक्षा जोरात आला, परंतु दिवा मात्र एकदाही लागला नाही. फोन केल्यावर उत्तर मिळाले, ‘दिवा लागत नाही ना सर? मग इंजिन ओके आहे. हिसका गिअरबॉक्सचा असेल.’

शेवटी गाडी कराडच्या एका जुन्या फिटरकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावला, एकही कोड मिळाला नाही, आणि हीच गोष्ट त्यांना खटकली. इंजिन सुरू ठेवून त्यांनी एका कॉइलचा (सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या भागाचा) कनेक्टर जेमतेम काही सेकंद काढला. सिलिंडर बंद पडून गाडी थरथरू लागली. धडधाकट गाडीत अशा वेळी थोड्याच अवधीत दिवा लुकलुकतो आणि कोड नोंदवला जातो. येथे काहीच झाले नाही. ‘दिवा गप बसला न्हाई दादा, त्येला गप बसवलाय,’ एवढेच ते म्हणाले. मिसफायरची नोंद घेणारा भागच फाईलमध्ये बंद करण्यात आला होता. ४२ हजार रुपयांत बिघाड तसाच ठेवून साक्षीदाराचे तोंड तेवढे बांधण्यात आले होते.

(ही चाचणी घरी करू नये. कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते.)

खरा दोष शोधायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. कोड बंद असले तरी स्कॅनरमधील चालू माहितीत सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी दिसत होती, आणि ती तिसऱ्यावर वाढत होती. त्यांनी तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरवर आणि पहिली तिसऱ्यावर बसवून घाटात फेरी मारली, तेव्हा मोजणीही पहिल्यावर सरकली. दोष कॉइलसोबत फिरला, म्हणजे प्लग, इंजेक्टर आणि पेट्रोल यांपैकी कोणीच दोषी नव्हते. बाहेर काढलेल्या कॉइलच्या काळ्या अंगावर, रबरी नळी सुरू होते तेथे, केसाएवढी बारीक चीर होती आणि तिच्या कडेने राखाडी रंगाचा माग उमटला होता. ठिणगी प्लगपर्यंत न जाता तेथूनच इंजिनाच्या धातूकडे पळत होती. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोने दाब वाढवला, की प्लगच्या फटीतून ठिणगी पडण्यास अधिक व्होल्टेज लागते, म्हणून सपाटीवर निभावणारी कॉइल चढावर हार मानत होती. याच कारणाने, टर्बोचा दाब त्यांनी खरोखरच वाढवला असता तर अडखळणे आणखी वाढले असते. नवी कॉइल आणि चार प्लग मिळून झालेला खर्च रीमॅपच्या रकमेच्या पाव हिश्शाहूनही कमी होता.

दाब वाढवला नाही हे एका अर्थी बरेच झाले. कंपनीच्या सेटिंगमध्ये माझे इंजिन २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, आणि हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्सही तेवढ्याच टॉर्कसाठी बनवलेला आहे. मला ३२० न्यूटन-मीटरचे आमिष दाखवताना या मर्यादेचा उल्लेखही झाला नव्हता.

मूळ फाईल परत मागितली असता ‘फाईल ही आमची प्रॉपर्टी आहे’ असे ऐकवण्यात आले आणि त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला. पुण्यातील दुसऱ्या एका जाणकाराने ईसीयूचा सॉफ्टवेअर क्रमांक जुळवून मूळ फाईल पुन्हा टाकून दिली. टाकण्यापूर्वी आतली फाईल वाचून त्यांनी तिची प्रत आणि मूळ फाईलशी तुलना केलेला लेखी अहवाल दिला: इंधन, टर्बोचा दाब व इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) यांच्या तक्त्यांना हातच लावलेला नव्हता, म्हणजे इथेनॉलची म्हणून मारलेली फाईल अस्तित्वातच नव्हती.

ट्यूनिंग हा धंदाच खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. या पुण्याच्या गृहस्थांनी तर गाडी पाहताच, मिसफायर असलेल्या इंजिनावर आपण कधीच काम करत नाही, असे सांगितले. प्रामाणिक माणूस आधी कोड, प्लग, कॉइल आणि टर्बोच्या नळ्यांची गळती तपासतो, घाटातली नोंद काढून दाखवतो, मूळ फाईलची प्रत ग्राहकाला देतो आणि कोणते कोड बंद केले ते बिलावर लिहितो. यांपैकी शेवटच्या गोष्टीला जो नकार देईल, त्याच्याकडे पहिल्या तीन विचारण्याचेही कारण उरत नाही.

पैशांच्या वसुलीबाबत एवढे सांगतो, की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणून ट्यूनर परजिल्ह्यातील असला तरी सातारकराला त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क नाही, आणि प्राथमिक माहितीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. बिल नसले तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि तो आलेख माझ्याकडे आहे. सर्वांत उपयोगी कागद मात्र टॅबच्या पडद्याचा, सहज काढून ठेवलेला फोटो ठरेल असे वकिलांचे मत आहे. त्यात पी०३०३ स्पष्ट दिसतो आणि फोटोची वेळ फाईल मारण्यापूर्वीची आहे, म्हणजे दोष कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि लॉजच्या आवारातील रविवारचे बुकिंग अजून सुरू आहे.