तापाल्पाच्या डोंगरात नेट घ्यायचंय: टॉवरवाला, जुनी डिश की स्टारलिंक?

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातला फ्लॅट सोडून तापाल्पाच्या बाजूला राहायला जायचंय, काम मात्र पुण्यातल्या टीमबरोबरच चालू ठेवायचंय, तर नेट कुठलं घेऊ, असं गेल्या महिन्यात दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. स्पीडचे आकडे आणि महिन्याचे दर देत नाही, ते वेबसाईटवर असतात आणि सारखे बदलतात. मी सासुरवाडीच्याच गावात राहतो, बायको इथली, आणि तिन्ही प्रकार वापरून झालेत, त्यामुळे जे सांगतोय ते आमच्या एका घरापुरतं आहे एवढं धरून चाला.

जुन्या पद्धतीच्या सॅटेलाईटचं आधी उरकतो. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, सिग्नल वर जाणार, खाली येणार, उत्तर परत तसंच वरून खाली, नुसत्या प्रवासातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो आणि प्रत्यक्षात सहाशे मिलिसेकंदांच्या वरच बसतं. मेल, बातम्या, बँक, सगळं चालतं हो. पण आईला व्हिडिओ कॉल लावला की मी विचारणार "जेवलीस का", समोर ती गप्प, मला वाटणार अडकलं म्हणून मी "हॅलो", तेवढ्यात तिचं "हो रे मगाशीच" येऊन माझ्या हॅलोवर आदळणार, मग दोघं गप्प आणि मग दोघं एकदम सुरू. शेवटी आईच म्हणाली, पूर्वी ट्रंक कॉलला ओरडून बोलायचो ते बरं होतं. वर डेटाचा कोटा, महिन्याच्या विसाव्या दिवशी संपला की पुढे रांगत चालायचं. चार महिन्यांत काढून टाकलं.

खरी चुरस उरलेल्या दोघांत.

टॉवरवाला म्हणजे गावातलाच एक मुलगा, डोंगरावर त्याचा लोखंडी टॉवर आहे, तुमच्या घरावर तो हाताएवढी पांढरी अँटेना लावतो आणि टॉवरच्या दिशेला वळवून देतो. परदेशी माणसाला ह्याच्याएवढं सोपं काही नाही. रेसिडेन्सीचं कार्ड नको, टॅक्स नंबर नको, इथलं बँक खातं नको, पैसे ऑक्सोत (इथली कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकानं) जाऊन त्याच्या कार्डवर टाकले की झालं. स्वतः शिडी घेऊन आला, तासाभरात नेट सुरू, सासूबाईंनी कॉफी दिली, घरच्यांची चौकशी करून गेला. आणि दिवसा स्पीडही चांगला, भारताशी कॉल अगदी नीट, तक्रारीला जागा नाही.

तक्रार पावसाळ्याची. जून ते ऑक्टोबर इकडे पाऊस दिवसभर नसतो, सकाळी लख्ख ऊन, दुपारी चार-पाचला ढग जमतात आणि संध्याकाळी जो गडगडाट सुरू होतो तो आपल्या वळवासारखा. मग लाईट जाते. घरात माझ्याकडे नो-ब्रेक आहे (इकडे यूपीएसला नो-ब्रेक म्हणतात, हे न कळल्यामुळे मी दुकानात दहा मिनिटं हातवारे केले होते), राउटर चालू, लॅपटॉप चालू, अँटेनाचा हिरवा दिवाही चालू, फक्त नेट नाही, कारण डोंगरावरच्या टॉवरची लाईट पण गेलेली असते आणि तिथल्या जुन्या बॅटऱ्या दोन तासांत माना टाकतात. म्हणजे सातला लाईट गेली की नऊला टॉवर बंद. आणि नऊ म्हणजे भारतात सकाळचे साडेआठ, माझी रोजची टीम मीटिंग. हालिस्को, म्हणजे आमचं हे राज्य, आणि भारतात साडेअकरा तासांचा फरक आहे, २०२२ पासून इकडे घड्याळ पुढेमागे करणंही बंद झालं, त्यामुळे बारा महिने हीच वेळ. मी त्याला व्हॉट्सॲप करायचो, त्याचं उत्तर यायचं "अहोरिता". शब्दशः अर्थ आत्ता, पण आपल्याकडे आंघोळीला जाताना "निघालोच" सांगतात तसलं हे आत्ता. मुलगा गुणी आहे, खोटं बोलत नाही, पण चिखलातून रात्री डोंगरावर जाऊन तो तरी काय करणार! एका जुलैत अकरा मीटिंगा मी गच्चीवर छत्रीखाली, मोबाईलच्या एका कांडीवर केल्या. अकरा, मी मोजल्यात.

बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, ह्याच एका गोष्टीने माझं ठरलं.

स्टारलिंक, म्हणजे खालून फिरणाऱ्या उपग्रहांचं नेट, मेक्सिकोत २०२१ पासून आहे, उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, त्यामुळे ते "हॅलो-हो रे" प्रकरण नाही. आणि मुख्य म्हणजे आमच्या डोंगरावरची लाईट असली काय नि गेली काय, तिला फरक पडत नाही, घरातला नो-ब्रेक चालू म्हणजे नेट चालू. ऐन धो धो पावसात जातं, नाही असं नाही, पण आमच्याकडे पाच-दहा मिनिटं, तेवढ्यात चहा होतो.

पण बसवणं सोपं समजू नका. पहिलं म्हणजे पत्ता. गावातल्या घरांना नंबर नाही, कागदावर लिहितात "दोमिसिलिओ कोनोसिदो", म्हणजे पत्ता सगळ्यांना माहीत आहे, आपल्या मुक्काम पोस्टसारखं. कुरियरवाल्याला तो माहीत नव्हता. शेवटी "ओकुर्रे" करून घेतलं, म्हणजे शहरातल्या त्यांच्या गोदामात पासपोर्ट दाखवून आपणच उचलायचं, मी सुरुवातीलाच तसं करायला हवं होतं. दुसरं छप्पर. ही घरं कौलारू, अगदी आमच्या राजापूरसारखी, आणि सासऱ्यांनी मला कौलांवर पाय ठेवू दिला नाही, "तुझं नेट राहील आणि माझं घर गळेल." मग पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी पाईप सिमेंटमध्ये पुरला. तो पुरल्यावर लक्षात आलं की उत्तरेला पाईनचं झाड आहे. जुन्या डिशला चालायचं, ती दक्षिणेला एकाच ठिकाणी टक लावून बसते, हिला मात्र उत्तरेकडचं बरंच आभाळ मोकळं लागतं. चूक माझीच, ॲपमध्ये कॅमेऱ्याने आभाळ तपासता येतं ते मी आधी केलं नाही. पाईप उपटून पुन्हा पुरला.

वीज पण धरा. मोठी डिश पंच्याहत्तर वॅट धरली तरी दिवसाला पावणेदोन युनिट, दोन महिन्यांच्या बिलात शंभराच्या वर. आमच्या थंड भागात वर्षाची सरासरी महिना २५० युनिटच्या वर गेली की "दाक" दर लागतो आणि सबसिडी जाते, त्यामुळे घरात आधीच मोठा फ्रीज, पंप असेल तर बिल बघून ठरवा. मिनी डिश निम्म्याच्या आसपास वीज खाते, आता घेतली असती तर बहुतेक तीच.

तुमचं काम दिवसा असेल, किंवा अमेरिकेच्या वेळेवर असेल, तर मी उगाच खर्चात पाडणार नाही, टॉवरवाला पुरेल. पण नऊची मीटिंग असेल तर जूनच्या आधी पाईप पुरून घ्या.

टॉवरवाल्याचं कनेक्शन मात्र अजून बंद केलेलं नाही. सासरे म्हणतात त्याची आई आपल्या नात्यातली, बरं दिसत नाही. त्यामुळे पैसे दोन्हीकडे चाललेत. परवा लाईट गेली तेव्हा तो स्वतःच आमच्या ओसरीवर येऊन बसला होता, वायफायचा पासवर्ड सासूबाईंनीच दिलेला, आणि खाली मान घालून एकेका गिऱ्हाईकाला लिहीत होता, "अहोरिता".