मेन रोडची खरेदी आणि पैसे देऊन पार्किंग: काही महिने वापरल्यावर

माझं शिवणकाम आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, सगळं घरूनच, नाशिकच्या इंदिरानगरला. अस्तर, लेस, पायपिंग, कॅनव्हास, हुक, चेन हा माल मात्र मेन रोड आणि दहीपुलाच्या दुकानांतूनच आणावा लागतो. उपनगरातल्या मॅचिंग सेंटरमध्ये रामा रंगाच्या दोन-तीन छटा असतात, इथे अख्खं कपाट निघतं. त्यामुळे आठवड्यातून निदान एक चक्कर ठरलेली, लग्नसराईत जास्त.

गेल्या पावसाळ्यापासून मी बाजारापासून पाच-सात मिनिटं चालत असलेल्या एका पे अँड पार्कमध्ये गाडी लावते. दुचाकीला तासाला १० रुपये, चारचाकीला ३०. बहुतेक वेळा माझी मोपेडच असते, साड्यांचे गठ्ठे किंवा ताके आणायचे असले की मिस्टर कार काढतात. दोन्हींचा अनुभव लिहिते, कारण पार्किंगला पैसे लावले की बाजार मरतो असं म्हणणारे आणि पैसे लावल्याशिवाय बाजार सुटणार नाही असं म्हणणारे, दोन्ही बाजूंचे लोक मला रोज भेटतात आणि दोघांचंही मला अर्धंच पटतं.

आधी चांगलं सांगते. गाडी लावायला जागा मिळेल याची खात्री ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी शालिमारपासून सुरुवात करायची, मेन रोडला जागा नाही म्हणून भद्रकालीकडे वळायचं, तिथून रविवार कारंजा, मग परत. जुन्या नाशिकच्या गल्ल्या वाड्यांच्या काळातल्या, समोरून एक मालवाहू रिक्षा आली की सगळं ठप्प. शेवटी कुठेतरी दोन गाड्यांच्या मध्ये मोपेड खुपसायची आणि खरेदी करताना अर्धं लक्ष टोइंगच्या गाडीच्या भोंग्याकडे. असं शोधत फिरणाऱ्या गाड्या हीच गर्दी असते, हे अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर मांडलं. त्यांचं साधं सूत्र होतं: दर इतकाच असावा की रस्त्याच्या कडेच्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील आणि येणाऱ्याला एखादी मोकळी जागा सापडेल. मेन रोडला वर्षानुवर्षं पोटासाठी चकरा मारल्यावर मला हे सूत्र समजायला पुस्तक लागलं नाही.

आता खरी अडचण. १० रुपये कुणालाच जड नाहीत. अस्तराच्या मीटरमागे दोन रुपये कमी करून घेतले तरी ते सुटतात. खरेदीवर परिणाम होतो तो तासाच्या हिशेबाचा. एक तास झाला आणि वर पाच मिनिटं गेली की दुसरा तास पूर्ण लागतो. कारला ते थेट ६० रुपये. ही रक्कम खिशाला लागते त्याहून डोक्याला जास्त लागते.

मॅचिंगचं उदाहरण देते. गिऱ्हाइकाने पैठणीचा ब्लाउजपीस दिलाय, जांभळा, पण उजेडात वांगी दिसणारा. दुकानात ट्यूबलाइटखाली तीन अस्तरं सारखीच दिसतात. मग पीस आणि अस्तराचं टोक घेऊन बाहेर उन्हात यायचं, ओढून बघायचं, परत आत जायचं, दुसरं मागायचं. दुकानातला मुलगाही सवयीने म्हणतो, "ताई, बाहेर बघून या." या कामाला घाई चालत नाही. चुकीची छटा नेली तर ब्लाउज उसवावा लागतो आणि गिऱ्हाईक तुटतं ते वेगळं. पण मनगटावर घड्याळ चालू असलं की तिसऱ्यांदा बाहेर यायचा कंटाळा होतो. एकदा पावतीवरची वेळ आठवून मी दुसऱ्याच अस्तरावर "चालेल" म्हणून टाकलं. सुदैवाने ते जुळलं. पण कामाचा निर्णय पार्किंगच्या पावतीने करावा, हे मला अजिबात आवडलं नाही.

कारने जाते तेव्हा आणखी एक गोष्ट होते. यादीतलं सगळं घेतलं जातं, यादीबाहेरचं राहतं. पूर्वी अस्तर घेतल्यावर पाय आपोआप भांडी बाजाराकडे वळायचे, एखादा तांब्या, निरांजनं, देवाचं ताम्हन. सराफ बाजारात नथीचा फासा बसवून घ्यायचा. बांगडीवाल्या मावशींकडे बसून हातात चार डझन घालून बघायच्या. आता मोठी खरेदी तशीच होते, हे मी वहीत मांडलेल्या खर्चावरून सांगते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं घर ६० रुपयांसाठी माघारी जात नाही. तासाच्या दराची झळ बसते ती शेवटच्या अर्ध्या तासाला. त्या अर्ध्या तासावर जगणारी माणसं म्हणजे बांगड्या, टिकल्या, रुमाल, चिवडा विकणारे छोटे लोक. पार्किंगचा दर ठरवताना त्यांना कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

दुकानदारांशी बोलले तर त्यांचं म्हणणं एकच, पार्किंग फुकट ठेवा नाहीतर गिऱ्हाईक कॉलेज रोडला आणि मॉलला जाईल. त्यांची भीती मला कळते. जागेचं भाडं, नोकरांचे पगार, वर ऑनलाइनची स्पर्धा. पण सकाळी दहा-साडेदहाला शटर उघडतात तेव्हा जाऊन बघा. दुकानासमोरची फुकटची जागा पहिल्यांदा कोण भरतं? मालकाची गाडी, मग दोन-तीन सेल्समनच्या दुचाकी, त्या रात्री शटर पडेपर्यंत हलत नाहीत. ज्या जागेवर दिवसभरात दहा-बारा गिऱ्हाइकं येऊन गेली असती, तिथे एकच बाइक उभी. दर लावायचाच असेल तर दिवसभर गाडी उभी करणाऱ्याला तो सगळ्यात जास्त हवा.

आणि येणारा प्रत्येक जण गाडीनेच येतो, हाही समजच आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली याची पाहणी झाली होती. दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाइकं कारने येतात, प्रत्यक्षात निघाली २२ टक्के. आपल्याकडे तर दुचाकी, रिक्षा, बस आणि पायी येणाऱ्यांचाच बाजार आहे. महापालिकेची सिटीलिंक ही शहर बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून माझ्या कितीतरी गिऱ्हाईक बायका शालिमारला उतरून खरेदी करतात. हलकी पिशवी असली की मीही बसने जाते. ताका असला की बसमध्ये चढणं जमत नाही, तिथे गाडीच लागते.

दरातली एक विसंगती मला खटकते. एका कारच्या जागेत चार दुचाकी आरामात मावतात. चार दुचाकींचे तासाला ४० रुपये होतात, त्याच जागेत उभ्या कारचे ३०. म्हणजे जागा कमी अडवणारा जास्त देतो. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलंय की पार्किंगच्या शुल्कात त्या जमिनीची किंमत दिसली पाहिजे. बाजारपेठेतल्या जमिनीची किंमत धरली तर कारला ३० रुपये हा दर स्वस्तच आहे, आणि मोपेडला १० महाग.

सोयीसुविधांबद्दल थोडक्यात. पावती देणारं हातातलं मशीन बऱ्याचदा रेंज नाही म्हणून बंद, मग कागदाच्या चिटोऱ्यावर पेनाने वेळ लिहून देतात. ती वेळ तुम्ही स्वतः वाचून घ्या, माझ्या चिठ्ठीवर पाऊण तास आधीची वेळ आली होती आणि जाताना वाद घालावा लागला. यूपीआय चालतं. सुट्टे कधीच नसतात. दुचाक्या इतक्या खेटून लावतात की आरसा आत वळवून ठेवावाच लागतो. सावली नाही, एप्रिल-मेमध्ये सीटवर बसवत नाही. काम करणारी मुलं मात्र चांगली आहेत, हातात दोन्ही पिशव्या बघून गाडी बाहेर काढून देतात.

पावसाळ्यात वेगळीच गोष्ट. गोदाकाठच्या मोकळ्या पटांगणात कार लावणारे खूप असतात, तिथून सराफ बाजार जवळ पडतो. पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तिथल्या गाड्या घाईने काढाव्या लागतात, आणि पूर मोठा असेल तर पाणी सराफ बाजार, भांडी बाजारातही शिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी गाडी लावून तासन्‌तास खरेदी करू नका. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय (नाशिकमध्ये पुराचा अंदाज त्यावरूनच घेतात) याची चौकशी आधी करा, मग निघा.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे. पैसे जातात, पण बाजारात ते दिसत नाहीत. अमेरिकेतल्या पासाडेना शहराने १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत पार्किंगचे मीटर बसवले तेव्हा तिथलेही दुकानदार विरोधातच होते. त्यांना सांगितलं गेलं की मीटरचं उत्पन्न याच रस्त्यांवर खर्च होईल, तेव्हा ते तयार झाले. पदपथ, दिवे, झाडं, सफाई त्या पैशातून झाली आणि पडीक झालेला तो भाग पुन्हा गजबजला. मेन रोडला बायकांसाठी स्वच्छ, उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह शोधून बघा. तीन-चार तासांच्या खरेदीला निघालेली बाई पाणी न पिता येते आणि लवकर घरी जाते. आम्हा बायकांच्या खरेदीवर पार्किंगच्या दरापेक्षा या एका गोष्टीचा परिणाम जास्त होतो. माझ्या १० रुपयांतून असं एक स्वच्छतागृह नीट चाललं तर मी २० द्यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी देतील.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात वाहनतळांची चर्चा जोरात आहे. भाविकांची सोय झालीच पाहिजे. पण कुंभ संपल्यावर त्या जागांचं काय, बाजारासाठी त्या चालू राहणार का, दर कसा असणार, हे व्यापारी संघटनांनी आत्ताच विचारून घ्यायला हवं.

कुणी वापरावं? काम ठरलेलं असेल, एका तासात आटपणारं असेल, तर डोळे झाकून पैसे द्या आणि निवांत खरेदी करा. लग्नाचा बस्ता, दागिने, भांडी असेल तर कार आणा, दोन-तीन तासांचे पैसे धरूनच निघा. नुसतं फिरायचं, बघायचं असेल तर बस किंवा रिक्षा बरी. रोजचं जाणं-येणं असेल तर मासिक पास आहे का ते विचारा. आमच्याकडे तो फलकावर लिहिलेला नाही, विचारल्यावर मिळाला, आणि पास घेतल्यापासून मी उन्हात उभी राहून चौथं अस्तरसुद्धा शांतपणे बघते. पाचपैकी साडेतीन. अर्ध्या तासाचा टप्पा आणला आणि दुचाकीचा दर निम्मा केला तर साडेचार देईन. दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत सकाळी साडेअकराच्या आत पोहोचा, त्यानंतर पासवाल्यांनाही दारातून परत पाठवतात.