कोल्हापुरात सेकंडहँड बेस: कपाटावरचा देशी, पॅसिव्ह यामाहा की बॅटरीवाला आयबानेझ?

कोल्हापुरात जुना बेस गिटार शोधायला निघालात की फिरून फिरून तीनच प्रकार समोर येतात. कुणाच्या तरी काकांनी ऑर्केस्ट्राच्या काळात वाजवलेला आणि पुढं कपाटावर चढलेला देशी बनावटीचा बेस. हात बदलत बदलत आलेला यामाहाचा आरबीएक्स १७० किंवा त्याच्या नंतरचा टीआरबीएक्स १७४, दोन्ही पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचे. आणि आयबानेझचा जीएसआर २००, कॉलेजच्या बँडसाठी हौसेनं घेतलेला, इंजिनिअरिंग संपून नोकरी लागली की विकायला निघालेला. स्क्वायर, कोर्ट या कंपन्यांचे बेसही अधूनमधून दिसतात. खरा फेंडर स्वस्तात दिसला तर आधी तो खरा आहे का ते बघा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलाच बेस असेल आणि कार्यक्रमात वाजवायचा असेल तर पॅसिव्ह यामाहा घ्या. हात लहान असतील, बहुतेक वाजवणं घरी किंवा तालमीच्या खोलीत असेल, तर आयबानेझ. देशी बेस ज्याच्याकडं आधीच एक चालता बेस आहे त्यानंच घ्यावा.

तरी सुरुवात देशीपासूनच करू, कारण आठवणी सगळ्या त्याच्याच आहेत. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे भलतं महागाचं काम. त्यामुळं कोलकात्याच्या गिटारी, गिवसनसारख्या, गावोगाव पोचल्या. गणपतीत, नवरात्रात, लग्नाच्या रिसेप्शनला ऑर्केस्ट्रा असायचा आणि त्यात बेसवाला मागं, ड्रमच्या शेजारी, मान खाली घालून उभा. पोस्टरवर नाव गायकाचं. बेसवाल्याचं नाव फक्त साऊंडवाल्याला ठाऊक. पण पंचमदांची गाणी बेसशिवाय उभी राहत नाहीत हे गायकही जाणून असायचा. तिकडं रेकॉर्डिंगला टोनी वाझ यांच्यासारखे वादक असायचे, आणि इकडं मंगळवार पेठेत, शाहूपुरीत कॅसेट मागंपुढं करून तेच सूर कानानं उचलणारी पोरं. पुढं कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानं बेस खाल्ला, उरलासुरला लॅपटॉपवरच्या ट्रॅकनं खाल्ला, आणि बेस गेला कपाटावर.

तिथून खाली काढलेल्या बेसची खरी गोची नेकमध्ये, म्हणजे दांड्यात, असते. चार तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ७५ ते ८० किलोच्या आसपास ताण नेकवर बसतो. तो पेलायला नेकच्या आत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. ॲलन कीनं ती घट्ट-सैल करून नेकचा बाक जुळवायचा. जुन्या देशी वाद्यांत ही सळई बऱ्याचदा नसते, किंवा असली तरी गंजून बसलेली. तारा चढवलेल्या तशाच ठेवून वर्षानुवर्षं पडलेला नेक वाकला की वाकला. मग बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार बोर्डापासून इतकी वर राहते की अंगठ्यात गोळे येतात. ब्रिजवरची सॅडलं, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, मागंपुढं सरकत नसतील तर आणखी एक भानगड: मोकळी तार सुरात आणि बारावा फ्रेट चढा. खालच्या पाच घरांत वाजवत राहिलात तर निभावून जाईल, वर गेलात की उघडे पडाल. आवाज मात्र काही वेळा मजेदार निघतो, बोथट आणि जाड. जुन्या चालीच्या गाण्यांना तो शोभतोही. पण त्या आवाजासाठी फार पैसे मोजू नका. ‘आमच्या काकांनी अमक्या गायकाबरोबर वाजवलाय’ याची किंमत विकणाऱ्याच्या घरात असते, तुमच्या खिशात नाही.

नेक बघायचा कसा, हे तिन्ही प्रकारांना सारखंच लागू आहे, म्हणून इथं जरा थांबतो. राजारामपुरीत एका खोलीवर असाच एक आरबीएक्स बघायला गेलो होतो. पोरगा म्हणाला, “भावा, कंपनी पीस हाय, हात बी लावलेला न्हाई.” बेस उचलला, हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाच्या, बाजूनं एक डोळा मिटून नेकच्या कडेवर नजर टाकली. कड जवळपास सरळ, मध्ये किंचित बाक, हवा तेवढाच. मग खिडकीच्या उजेडात तिरका धरला. सर्वांत जाड तारेखाली तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर तारेच्या वेटोळ्यांनी पाडलेले बारीक दातेरी खड्डे, आणि त्याच दोन घरांत बोर्डावर घामाचा काळपट थर. म्हणजे गडी पांढरी पाच आणि पांढरी सहामध्ये (हार्मोनियमच्या पट्ट्या, इंग्रजीत जी आणि ए) मनसोक्त वाजवत होता. हे वाईट लक्षण नव्हे. खड्डे उथळ असतील तर चालतात, आणि वाजवलेल्या बेसचे दोष वाजवणाऱ्यानं एव्हाना काढलेले असतात. फक्त ‘हात लावलेला न्हाई’चा भाव द्यायचा नाही.

नजरेवर विश्वास नसेल तर जाड तार एका हातानं पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हातानं शेवटच्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधारण एक व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. बोट जात असेल तर नेक पुढं वाकलाय. फटच नसेल तर मागं. मग विकणाऱ्यालाच ट्रस रॉड पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. तो ‘नको, मोडंल’ म्हणाला तर समजून घ्या आणि चहा पिऊन उठा. शेवटी चारही तारांवर एकेक घर वाजवत वरपर्यंत जा. कुठं तार फ्रेटला घासून झणझणते, कुठं सूर मरतो, ते कान सांगतील. घाई करणारा विकणारा असेल तर हेच आणखी सावकाश करा.

आता यामाहा आणि आयबानेझ. गंमत अशी की हे दोन्ही बेस वरवर वाटतात त्यापेक्षा जवळचे आहेत. दोघांची तार ३४ इंची स्केलची, म्हणजे मोकळ्या तारेची वाजणारी लांबी तेवढी. दोघांत पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकांची, मांडणीही तीच, नेककडं ‘पी’ आणि ब्रिजकडं ‘जे’. या दोन्ही अक्षरांचं मूळ लिओ फेंडरच्या कारखान्यात: प्रिसिजन बेस १९५१ चा, त्याचं दोन तुकड्यांतलं पिकअप १९५७ चं, आणि जॅझ बेस १९६० चा. ‘पी’ म्हणजे भरीव, मधला आवाज, ढोलाच्या दणक्यातही जागा धरणारा. ‘जे’ म्हणजे टोकदार, बोट कुठं पडलं ते कळेल असा. दोन्ही बेसवर दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. आयबानेझवर चौथं बटण जास्तीचं, खालचा आवाज फुगवणारं, आणि त्याच्यासाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. एवढ्या एका बटणावर आणि बॅटरीवर सगळी निवड अडते.

घरात छोट्या ॲम्पवर ते बटण फार सुखाचं. पातळ आवाजाला लगेच अंग येतं, नवखा खूश. मांडवात तेच अंगाशी येतं. कर्ण्याच्या ढिगापुढं आधीच खालचा आवाज घुमत असतो, त्यात आणखी फुगवला की नुसता ‘घुम्म’ राहतो, सूर हरवतो. शिवाय बॅटरी. केबल जॅकमध्ये खोचली की सर्किट चालू होतं, मग तुम्ही वाजवा की नका वाजवू. तालमीनंतर केबल वारंवार तशीच राहिली की एक दिवस आवाज आधी फाटतो, मग जातो, आणि तोवर निवेदक तुमचं गाणं जाहीर करून मोकळा झालेला असतो. जुना ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाला, बेस बघताना बॅटरीचा कप्पा उघडून घ्याच. आत पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर बॅटरी कधीकाळी पाझरलीय, आणि टोकं खराब झालेली असणार.

यामाहात बिघडायला फारसं काही नाही. बटण फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवायचं. तरीही गेली नाही तर पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरणारा भाग, बदलायचा. सोल्डरिंग येणारा कुणीही टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला हे काम करतो. आयबानेझचा बोर्ड गेला तर तोच माणूस बोर्ड वगळून वायर थेट जोडून देईल, म्हणजे शेवटी हातात पॅसिव्ह बेसच येईल. मग आधीच पॅसिव्ह का नको, हा माझा प्रश्न.

आयबानेझच्या बाजूनं बोलायचं तर नेक सडपातळ आहे आणि हा फायदा लहान नाही. बोटं आखूड असलेल्या मुलामुलींना पहिल्या चार घरांत जो त्रास होतो तो तिथं कमी होतो. यामाहाचा नेक हाताला जरा भरतो. दोन्ही एकाच दिवशी, पट्टा लावून, उभ्यानं वाजवून बघितल्याशिवाय ठरवू नका. बसून सगळेच बेस बरे वाटतात.

मांडवातल्या घूंबद्दल, म्हणजे स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीबद्दलही, विचारलं जातं. जनरेटर, लाइटचे डिमर, आणि अर्थिंगचा पत्ता नाही, असा आपला ठरलेला संसार. ‘पी’चे दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असल्यानं घूं आपोआप मारली जाते, ‘जे’ एकटं उघडलं की ती येते. म्हणून मांडवात ‘पी’ पूर्ण, ‘जे’ बंद. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली तर बेस ठीक आहे, तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. माइकला ओठ लागून झटका बसला तर मात्र बेस बाजूला ठेवा आणि वायरमनला हाक मारा.

मध्येच कुणीतरी पाच तारांचा बेस पुढं करतो. त्याला लगेच नाही म्हणू नका. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार पांढरी तीनची, सुमारे ४१ हर्ट्झ. आपले पुरुष गायक काळी एक, काळी दोनमध्ये गायला बसले की त्या पट्टीचा सा तिच्या खाली जातो आणि तुम्हाला तो वरच्या तारेवर घ्यावा लागतो. पाचवी तार पांढरी सातची, त्यामुळं काळी एक दुसऱ्या घरात आणि काळी दोन चौथ्या घरात सापडते. भजनी मंडळाबरोबर किंवा सुगम संगीतात वाजवणार असाल तर याचा खरा उपयोग. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर चार तारा भरपूर झाल्या. फक्त स्वस्तातल्या पाच-तारीचा खालचा सूर छोट्या ॲम्पवर निघतच नाही, नुसता स्पीकरचा कागद फडफडतो.

शोधायचं कुठं? ओळखीतून. कोल्हापुरात ड्रमवाला, साऊंडवाला आणि चर्चमधला वादक या तिघांना सांगून ठेवलं की महिन्याभरात काहीतरी कळतं. पुण्यात पर्याय जास्त, पण जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. निघण्यापूर्वी नेकचे कडेनं काढलेले फोटो मागवा. गोव्याकडचे बेस वाजवलेले आणि चांगले जुळवलेले असतात, पण खाऱ्या हवेनं ब्रिजचे स्क्रू, खुंट्या, जॅक गंजतात. ते तपासा. बारीकसारीक लोखंडी काम इथं अडत नाही, तुटलेल्या स्क्रूला उद्यमनगरात तोड मिळते. सांधा उकलला, लाकूड चिरलं तर मिरजेच्या कारागिरांचा हात लाकडावर पक्का, मात्र फ्रेट घासून समतल करणं गिटारवाल्याकडूनच करून घ्या. पट्ट्यासाठी मी पापाच्या तिकटीवरच्या चपलवाल्याकडून चामड्याचा रुंद पट्टा शिवून घेतलाय. खांद्याला चार किलोचा बेस जाणवत नाही, आणि विकत्या पट्ट्यापेक्षा देखणा दिसतो.

भावाचं म्हणाल तर यामाहाला नव्याच्या निम्म्यापर्यंत, फार सुस्थितीत असला तर थोडं वर. आयबानेझला निम्म्याच्या खालीच, कारण पुढं तुम्हीच विकायला काढलात तर गिऱ्हाईक बॅटरीचा कप्पा उघडणारच. देशी बेसला आकडा विकणाऱ्यानं आधी सांगायचा, आणि तारांचा नवा संच, नट, खुंट्या यांचा खर्च त्यातून वजा करायचा.

विकणाऱ्यांसाठी थोडंसं. आषाढात काढा, गणपतीच्या तालमी सुरू होण्याआधी, तेव्हा मागणी असते. अनंत चतुर्दशी झाली की तेच वाद्य लोकांना महाग वाटायला लागतं, आणि घेणाऱ्यांनी नेमकं तेव्हाच निघावं. विकण्याआधी तारा उतरवून ठेवू नका. तारांशिवाय नेकची परीक्षा होत नाही आणि जाणकार गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. बोर्ड ओलसर फडक्यानं पुसा, पॉटची खरखर घालवा, आणि ट्रस रॉडची मूळची किल्ली पिशवीत टाका. जपानी-इंडोनेशियन बनावटीला बहुधा मिलिमीटरची लागते, अमेरिकनला इंचाची. किल्ली हरवली असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून योग्य मापाची आणून द्या. ती दिसली की गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही.