साबण मोकळा ठेवायचा की बांधून टाकायचा?

एसएलएसवर (सोडियम लॉरिल सल्फेट, कणांना नुसता चिकटणारा मोकळा साबण) बिनबोभाट चाललेली ॲक्रिलिक लॅटेक्सची (पाण्यात पॉलिमरचे बारीक कण) बॅच रिॲक्टिव्ह सर्फॅक्टंटवर, म्हणजे पॉलिमरलाच बांधल्या जाणाऱ्या साबणावर, न्यावी का, हा प्रश्न घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी फोन करतं. बाहेरच्या भिंतींच्या रंगाला लागणाऱ्या बाइंडरपुरता (रंग धरून ठेवणारं लॅटेक्स) मी तो निर्णय घेऊन मोकळा झालोय. तुमची केटल (बॅच बनवायचं भांडं), तुमचं पाणी आणि तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल, तेव्हा माझं म्हणणं त्या बेताने घ्या.

आधी दराचं बोलू, कारण पर्चेसवाला तिथूनच सुरुवात करणार. रिॲक्टिव्ह माल एसएलएसच्या कित्येक पट महाग पडतो. मोनोमरच्या (ज्याची पॉलिमर साखळी बनते तो कच्चा माल) वजनावर एक-दोन टक्केच लागतो हे खरं, पण रंगवाला किलोमागे पन्नास पैशांसाठी घासाघीस करतो तेव्हा तेही दिसतं. शिवाय यातला बराच माल बाहेरून येतो. ड्रम संपत आल्यावर ऑर्डर टाकायची सवय असेल तर ती सोडावी लागते.

एसएलएसला मी नावं ठेवणार नाही. माझी निम्मी नोकरी त्याच्यावर गेली आहे. लिटरभर पाण्यात जेमतेम सव्वादोन ग्रॅम विरघळलं की मायसेल (साबणाच्या रेणूंचे पुंजके) तयार, कण बारीक, आणि काचेवर पातळ थर ओढला की ती ओळखीची निळसर झाक. ऑपरेटरने मोनोमरचा फीड थोडा मागेपुढे केला तरी बॅच सांभाळून घेतं. हिवाळ्यात ड्रममधलं एसएलएस खिरीसारखं घट्ट होतं आणि पहिल्या पाळीचा अर्धा तास ड्रम गरम करण्यात जातो, पण त्याची सवय होते. फेसाचीही होते. डिफोमर मारायचा आणि पुढे जायचं.

सवय झाली नाही ती ओघळांची.

सांगली भागातल्या एका छोट्या रंग उत्पादकाला आम्ही बाइंडर देत होतो. त्याने एका सोसायटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला गडद चॉकलेटी रंग मारला, मे महिन्याच्या शेवटी. दुसरा हात होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच वळीव आला. तिसऱ्या दिवशी मी तिथे उभा होतो. खिडक्यांच्या छज्जांखालून खाली आलेल्या चकचकीत, चिकट रेघा, गोगलगाय फिरून गेल्यासारख्या. अंगठा ओला करून मी एका रेघेवर गोल गोल फिरवला आणि चक्क फेस आला. शेजारी उभे असलेले सोसायटीचे चेअरमन शांतपणे म्हणाले, “अहो, रंग मारलाय की साबण?” त्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो साबणच होता. निदान त्यातला काही भाग मीच केटलमध्ये टाकलेला होता.

झालं काय ते तुम्हाला माहीत असेलच. नेहमीचं सर्फॅक्टंट कणाला नुसतं चिकटून बसलेलं असतं, बांधलेलं नसतं. फिल्म वाळताना कण एकमेकांत मिसळतात, तसा हा साबण बाहेर ढकलला जातो. थोडा हवेकडच्या पृष्ठभागावर येतो, थोडा भिंतीकडे जातो, थोडा मधल्या कप्प्यांत साचतो. पाणी आलं की वरचा धुऊन खाली ओघळतो. कप्प्यांतला पाणी ओढून घेतो आणि क्लिअर फिल्म असेल तर ती पांढरी पडते. भिंतीकडे गेलेला साबण रंगाची पकड कमी करतो, पण ते कळायला वर्ष जातं. ओघळ मात्र तिसऱ्या दिवशी दिसतात, आणि चेअरमनलाही दिसतात.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळा दोष बाइंडरचा नव्हता. गडद छटेत कलरंट (छटा देणारी पेस्ट) भरपूर जातो आणि त्या कलरंटमध्येच ग्लायकॉल आणि वेटिंग एजंट (तेही एक प्रकारचे साबणच) ठासून भरलेले असतात. रिॲक्टिव्हवर गेल्यावर आमचे ओघळ शून्य झाले असं मी म्हणणार नाही. पण तोच रंगवाला, तोच चॉकलेटी, पुढच्या वर्षी तसाच वळीव, आणि मला फोन आला नाही. आमच्याकडे टेन्सिओमीटर (पृष्ठताण मोजायचं यंत्र) नाही, तेव्हा माझं मोजमाप एवढंच.

रिॲक्टिव्ह म्हटलं म्हणून सगळे एका माळेचे मणी नाहीत, आणि बरेचजण फसतात ते इथे. साखळीत जोडलं जाणारं टोक मेथाक्रिलेटचं असलेलं सर्फॅक्टंट फार उतावळं असतं. सुरुवातीलाच साखळीत अडकतं, मग त्यावर पुढचं पॉलिमर चढत जातं आणि साबण कणाच्या पोटात गाडला जातो. पृष्ठभाग उघडा पडतो आणि फिल्टर बॅगेत ग्रिट (कण चिकटून झालेल्या गुठळ्या) सापडते. उलट साधं ॲलिल टोक आळशी. साखळी वाढवण्यापेक्षा तोडण्यातच त्याला जास्त रस, आणि बॅच संपली तरी बराचसा भाग सुटाच राहू शकतो. मॅलिएट स्वतःशी जुळत नाही पण दुसऱ्या मोनोमरशी जुळतं, म्हणून ते मधलं. नव्वदच्या दशकात स्पेनमध्ये सान सेबास्तियानला आसुआ आणि फ्रान्समध्ये ल्योंला गियो या संशोधकांच्या गटांनी यावर पुष्कळ काम केलं. त्यातून मी घेतलेली गोष्ट एकच: साबणाने बॅचभर पृष्ठभागावर राहून राखण करावी आणि शेवटाकडे येता येता स्वतःला बांधून घ्यावं.

माझ्या हाताला बसलं ते प्रोपेनिल टोकाचं इथर सल्फेट. जपानी कंपन्यांनी ही मंडळी बरीच आधी बाजारात आणली. स्टायरीन-ॲक्रिलिकमध्ये ते मला समजूतदार वाटलं. निवडताना शेपटी (रेणूचा तेलकट भाग) मात्र विचारून घ्या. जुन्या पिढीतल्या काहींच्या शेपटीत नोनिलफेनॉल असतं, आणि तुमचं गिऱ्हाईक युरोपात माल पाठवत असेल तर ते चालणार नाही. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट तिथे 2021 पासून परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि टोकाला सल्फेट लावलं म्हणून गिऱ्हाइकाचे प्रश्न थांबत नाहीत.

पहिल्या ट्रायलला मी एसएलएस पूर्ण काढून टाकलं. आगाऊपणा केला. कण मोठे झाले, निळसर झाक जाऊन नुसतं दुधासारखं पांढरं दिसायला लागलं आणि बॅगेतली ग्रिट बघून शिफ्ट इनचार्ज माझ्याकडे बघायला लागला. मग तडजोड केली. केटलमध्ये सीडपुरतं (सुरुवातीचे बीज-कण) चिमूटभर एसएलएस ठेवलं आणि रिॲक्टिव्ह सगळं प्री-इमल्शनमध्ये (फीड करायचं मोनोमर, पाणी आणि साबणाचं मिश्रण) नेलं. शेवटच्या भागात फीड जरा हळू केला. तेव्हापासून बॅग साफ निघते. म्हणजे मोकळा साबण आमच्याकडे अजूनही आहे, फक्त पाहुण्यासारखा.

एक खोड याची सांगून ठेवतो. मोकळा साबण कमी म्हणजे लॅटेक्सचा पृष्ठताण जास्त. ड्रम भरताना फेस कमी येतो, डिफोमर वाचतो, हे छान. पण तेच लॅटेक्स लेबलच्या प्लास्टिक फिल्मवर ओढायला गेलात तर ते आक्रसतं, माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात. मग तुम्ही वेटिंग एजंट घालणार, म्हणजे पुढच्या दाराने काढलेला साबण मागच्या दाराने आत. लेबलच्या गोंदासाठी म्हणूनच मी अजून ठाम नाही.

पांढरा लाकडाचा गोंद करत असाल तर या वाटेला जाऊच नका, तिथे पॉलिव्हिनिल अल्कोहोल सगळं सांभाळतं. व्हिनिल ॲसिटेटच्या बाकी बॅचमध्ये ॲलिल प्रकार बॅचचा वेग मंदावतो. तिथे सोडियम व्हिनिल सल्फोनेट (साखळीत बांधलं जाणारं मोनोमर) थोडं घालून साधं सर्फॅक्टंट कमी करता येतं आणि खर्चही आवाक्यात राहतो. घरातल्या छताच्या स्वस्त रंगाला तर एसएलएसच बरं. तिथे वळीव येत नाही.

बाहेरची भिंत, गडद छटा, टेरेसचं कोटिंग किंवा लाकडावरचा क्लिअर, यांतलं काही असेल तर मी जास्तीचे पैसे घालतो. ट्रायलसाठी पहिला ड्रम आलाच तर पांढऱ्या रंगात बघू नका, त्यात काहीच दिसत नाही. चॉकलेटी किंवा गडद निळा घ्या, कलरंट नेहमीचाच. जुन्या आणि नव्या बाइंडरचे दोन पत्रे शेजारी शेजारी रंगवा, रात्रभर उभे ठेवा, सकाळी फवारा मारा आणि दोन्हींवर ओला अंगठा फिरवून बघा.